खालचे बर्थ

माणसं नऊ. वयं सहा ते ब्याऐंशी.
खालचे बर्थ हवेत चार, दिसतायत दोन,
आणि मोठ्या जाऊबाईंना वरती गुदमरतं.
मी वहीत नावांपुढं गुडघे लिहिलेत:
अण्णा, डावा. आई, दोन्ही.
सुगलाआत्यापुढं काहीच नाही.
केवळ वयामुळं धरलंय तिला चौघांत.

तेरहून सोलापूरपर्यंत जीप,
पुढं रेल्वे. एक रात्र, एक दिवस, परत थोडी रात्र,
मग कोची.
अण्णा कोचीन म्हणतात.
तीस वर्षं शिकवला त्यांनी भूगोल.
पांढऱ्या खडूनं किनारा काढायचे सबंध,
आणि समुद्राच्या जागी
फळा तसाच काळा सोडून द्यायचे.

वीरेश हिंजवडीहून फोनवर आहे, एका दमात सांगतो:
चिनी जाळी, डचांचा वाडा, ज्यूंची पेठ,
मिऱ्याची गोदामं, सूर्यास्त साडेसहाला.
आई विचारतात, जाळी कशाची?
माशांची.
लिंगायताच्या घरात थोडा वेळ नुसता पंखा ऐकू येतो.
मग अण्णाच म्हणतात,
रिकामी असताना बघू.

कडक भाकरी पन्नास घ्यायच्या, हे आईंचं.
पाच दिवसांना पन्नास?
गाडी चुकली म्हंजे?
शेंगाची चटणी वेगळी, तिचा डबा वेगळा,
त्या डब्याला सांभाळणारा माणूस वेगळा.

तारीख मात्र ठरेना.
नळ येतो आठव्या दिवशी.
चौदाला निघालं तर सतराला नळ,
आणि घरात कुणी नाही.
सोळाला निघालं तरी तेच,
आणि परतायला उशीर झाला तर पुढचाही चुकतो.
आम्ही समुद्रापुढं उभे राहणार
आणि मनात हौद.

मैत्री खाटेखालून विचारते,
समुद्राला पाणी कितव्या दिवशी येतं?
रोज दोनदा, वीरेश फोनवरून सांगतो, येतं आणि जातं.
जातं कुठं? म्हणाली आई.
कुणालाच सांगता आलं नाही.
शेवटी भिंतीपलीकडून हमीदाभाभींचाच आवाज आला:
जावा की, किल्ली ठिवा, मी भरते पाणी.

आत्या एवढा वेळ ज्वारी निवडत होती.
सूप बाजूला ठेवून तिनं चष्म्याच्या घरातून
एक मणी काढला. निळा, भोक जरा तिरकं.
पांढरीच्या टेकाडावर, पावसाच्या उघडिपीत,
परकरात असताना सापडलेला.
पाण्यावरनं आलाय म्हणायचे लोक.
म्हणाली, ह्यो येऊन बसला कवाचा. आपलंच जायचं राहिलं.
अण्णांनी दुरुस्त केलं:
इथल्या बैलगाड्या भडोचला जायच्या गं. ते बंदर निराळं.
पाणी एकच असंल की.
भूगोलाचे मास्तर चष्मा पुसायला लागले.

सामानाच्या पानावर, गोळ्या आणि
गरम पाण्याच्या पिशवीच्या मध्ये
तिनं मला लिहायला लावलं: मणी, १.
तिथं सोडायचाय का, मी विचारलं.
सोडायचा कशाला? दाखवून परत आणायचा.

मी समुद्र पाहिलाय का, हे कुणी विचारलं नाही.
लग्नानंतर आम्ही अक्कलकोटला गेलो होतो,
दोन दिवस. त्यातला एक यांचं पोट बिघडलेलं.

रात्री सगळे झोपल्यावर तिकिटाला बसले.
नाव, वय, बर्थची पसंती.
आत्याच्या ओळीत ‘खालचा’ दाबणार,
तेवढ्यात अंधारातून:
मला वरला घे.
पडशील आत्या.
वरनं दिसंल.
काय दिसंल?
असंल ते.

वरच्या बर्थला खिडकी नसते,
हे मी सांगितलं नाही.
‘वरचा’ दाबलं.
आता खालचा एकच शोधायचाय.